लिंबाखालचे नकाशे

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दोन अटी घातल्या आहेत. पंधरा मिनिटांत संपवायचं आणि कुणाला रडवायचं नाही. पहिली अट पाळायचा प्रयत्न करते.

काल बसमधून उतरताना सरांनी विचारलं, "औशाच्या शाळेचा मेळावा हिंजवडीत कशाला गं?" सर, कारण साधं आहे. आपल्या बॅचची निम्मी मुलं पोटापाण्यासाठी पुण्यात आली, आणि त्यातली बरीचशी या हिंजवडी-वाकडच्या पट्ट्यात घरं घेऊन राहिली. तुम्ही सगळे गुरुजन औशाहून रात्रभर प्रवास करून आमच्यासाठी इथे आलात. सकाळी चौकातल्या ट्रॅफिकमध्ये तुमची बस पाऊण तास अडकली, त्याबद्दल समस्त हिंजवडीकरांतर्फे माफी मागते.

मला 'शाळेने मला काय दिलं' या विषयावर बोलायला सांगितलंय. गणित दिलं, त्यामुळे इंजिनिअर झाले. शुद्धलेखनाच्या वहीवर बाईंची लाल शाई दिली, त्यामुळे आजही ऑफिसातलं ईमेल दोनदा वाचून पाठवते. पण शाळेने दिलेली एक गोष्ट मी तीस वर्षं विसरून गेले होते. मागच्या वर्षी माझ्या मुलीमुळे ती आठवली. आज तिच्याबद्दलच बोलते.

३० सप्टेंबर १९९३. आपण आठवीत होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, सगळे दमून झोपलो होतो. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना जमीन हलली. पुढचं मी तुम्हाला सांगायची गरज नाही. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं जमीनदोस्त झाली. बावन्न गावं पूर्ण उद्ध्वस्त झाली, हजारो माणसं गेली. आपल्या वर्गातला एक मुलगा विसर्जनासाठी गावी गेला होता, तो परत आला नाही. त्याचं नाव मी इथे घेत नाही. ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे.

भूगोलाचे सर समोर बसलेत, त्यांना आठवत असेल. त्याच्या महिनाभर आधी आपण वर्गात शिकलो होतो की दख्खनचं पठार हा फार जुना, स्थिर भूभाग आहे. पुस्तकात तसंच होतं. सरांचा त्यात दोष नव्हता. देशाच्या तेव्हाच्या भूकंप नकाशातही आपला भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढे २००२ मध्ये तो नकाशा बदलला आणि लातूर-किल्लारीचा भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला. किल्लारीला तर १९९२ मध्येच धक्के जाणवले होते. लोक घाबरले, काही दिवस बाहेर झोपले, मग पुन्हा आत गेले. अशा वेळी करायचं काय, हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं.

शाळा पुन्हा सुरू झाली ती मैदानातल्या लिंबाखाली. इमारतीला भेगा होत्या, आत बसायची कुणाची छाती नव्हती. अधूनमधून धक्के चालूच होते. फळा झाडाला टेकवलेला. पहिल्या दिवशी सरांनी पुस्तक उघडलंच नाही. वहीचं एक-एक पान फाडायला लावलं आणि म्हणाले, "आपापल्या घराचा आणि गल्लीचा नकाशा काढा. कोण कुठं झोपतं, दार कुठं आहे, कुठली भिंत फुगलीय, कंदील कुठं टांगलाय, सगळं दाखवा."

मी नकाशा काढला. सरांनी बोट ठेवून विचारलं, "ही मागच्या खोलीत कोण झोपतं?"

"आजी."

"वर काय आहे?"

"माळवद."

"रात्री पळायची वेळ आली तर आजीला बाहेर कोण आणणार?"

"बाबा."

"आणि बाबा गावाला गेले असतील तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी जाऊन मी तोच प्रश्न विचारला. त्या संध्याकाळी आजीची बाज ओसरीत दाराजवळ आली. आजी महिनाभर कुरकुरत होती की इथं वारं लागतं. पण बाज तिथेच राहिली.

तुमच्याही घरी असंच काही ना काही झालं होतं. एकाच्या बोळात लाकडांचा ढीग होता, तो हलवला गेला. एकीच्या नकाशात दिसलं की पूर्ण गल्लीत चालणारी बॅटरी एकाच घरी आहे. एका मुलाने शाळेचाच नकाशा काढला आणि दाखवलं की मागचं फाटक कायम कुलूपबंद असतं. दुसऱ्या दिवसापासून ते कुलूप निघालं. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांचं मोठ्यांनी ऐकलं, कारण त्या दिवसांत मोठेही आपल्याइतकेच घाबरलेले होते.

मग दिवाळी झाली, घटक चाचणी आली. राहिलेला अभ्यासक्रम संपवायचा होता. नकाशे कपाटात गेले. नववी, दहावी, बोर्ड. आपण पास होऊन बाहेर पडलो आणि ते नकाशे कुणी पुन्हा काढले नाहीत. फाटकाला कुलूप पुन्हा कधी लागलं, तेही कुणाला आठवत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर बोलणं खोटं होईल. किल्लारीत माणसं गेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली, झोपेत. शाळेत कितीही सराव केला असता तरी त्या भिंती उभ्या राहिल्या नसत्या. घर नीट बांधलेलं असणं हीच पहिली तयारी. पण तिथेही पुढे काय झालं ते आठवा. घरं दुरुस्त आणि मजबूत करायची सरकारी योजना आली, तेव्हा गावोगावी बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं गेलं. अनेकींनी तोवर ग्रामपंचायतीची पायरीही चढलेली नव्हती. त्यांनी घर पक्कं कसं करायचं ते समजून घेतलं आणि घरोघरी सांगितलं. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाल्यावर आपल्याकडच्या बायका तिकडे जाऊन तिथल्या बायकांना अनुभव सांगून आल्या. जो त्या घरात राहतो, त्याला घर तपासायला शिकवता येतं, हे आपल्या जिल्ह्यांनी करून दाखवलेलं आहे.

आता हिंजवडीकडे येते.

आमच्या ऑफिसात दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल असतं. भोंगा वाजतो, सगळे जिन्याने उतरून मोकळ्या जागेत उभे राहतात, डोकी मोजतात, चहा पिऊन परत वर जातात. मी आमच्या मजल्याची वॉर्डन आहे. माझ्याकडे चमकणारं जॅकेट आहे, शिट्टी आहे. एकदा ड्रिल नसताना भोंगा वाजला. मी कॉलवर होते. वॉर्डन असूनही मी पलीकडच्या माणसाला म्हटलं, "बहुतेक टेस्टिंग चाललंय, तुम्ही बोला." दोन-तीन मिनिटं मी तशीच बोलत राहिले. शेवटी सफाईचं काम करणाऱ्या मावशी येऊन म्हणाल्या, "ताई, पँट्रीत धूर आहे, उठा." कुणाला काही झालं नाही. पण त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं मी तोच जिना, तोच रस्ता, त्याच वेळी उतरत होते. मला जिना उतरायची सवय झाली होती. भोंगा खरा मानायची झाली नव्हती.

आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट आहे. सगळ्या माहितीचा बॅकअप रोज घेतला जातो. पण त्या बॅकअपमधून माहिती परत आणून कुणी पाहिलेलीच नसेल, तर तो बॅकअप आहे असं आम्ही धरत नाही. कारण नेमका गरजेच्या दिवशी तो उघडत नाही. शाळांमधल्या आपत्ती व्यवस्थापनाचं बरंचसं असंच झालंय. कागद भरपूर आहेत. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे. २००४ मध्ये तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला आग लागून ९४ मुलं गेली, त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शाळांच्या सुरक्षेबद्दल आदेश दिले. २०१६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पुस्तकातही धडा आहे. माझ्या भाचीच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात 'आपत्ती व्यवस्थापन' होता. दहावा धडा, पुस्तकातला शेवटचा. शेवटचा धडा वर्गात कसा होतो, हे इथे बसलेल्या शिक्षकांना मी काय सांगू? भाचीला विचारलं, "काय शिकलीस?" ती म्हणाली, "आपत्तीचे प्रकार. तीन मार्कांना येतात."

माझी मुलगी मागच्या वर्षी आठवीत होती. एक दिवस घरी येऊन म्हणाली, "आई, आज आमचं ड्रिल झालं. फोटो काढले. पण आमची ओळ ज्या जिन्याने उतरली ना, तो रोज बंद असतो. चॅनेल गेटला कुलूप असतं. आज ड्रिल होतं म्हणून उघडलं होतं."

मी विचारलं, "किल्ली कुणाकडे असते?"

"माहीत नाही. शिपाई मामांकडे असेल."

"आणि मामा बँकेत गेले असतील तर?"

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मी गप्प झाले. हा प्रश्न माझा नव्हताच. तो लिंबाखाली मला विचारलेला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. शिक्षिकांशी बोलताना पहिलंच वाक्य ऐकलं, "मॅडम, आणखी एक विषय नको हो." त्यांचं बरोबर होतं. निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, सर्वेक्षणं, परीक्षा. त्यातून शिकवायला उरतं किती? पण जागा शोधली तर होती. २०२४ पासून राज्यात पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी 'आनंददायी शनिवार' आलाय. दप्तराविना शनिवार. त्यात काय घ्यायचं त्या यादीत योग आहे, रस्ता सुरक्षा आहे, आणि आपत्ती व्यवस्थापनाची मूलतत्त्वेही आहेत. मला सहा शनिवार मिळाले.

मी भाषण दिलं नाही. मुलांचे पाच गट केले आणि शाळेचे नकाशे काढायला सांगितलं. काय सापडलं ते ऐका. आग विझवायच्या दोन सिलिंडरवरची तारीख उलटून गेली होती. शाळा सुटताना व्हॅन फाटकासमोर अशा लागायच्या की अग्निशमन दलाची गाडी आत येऊच शकली नसती. तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात कुबड्या घेऊन चालणारा एक मुलगा होता. ड्रिलच्या दिवशी त्याला "तू आज खालीच बस" असं सांगितलं जायचं. म्हणजे त्याला वरून खाली कसं आणायचं, याचा सराव एकदाही झालेला नव्हता. हे त्या मुलाने स्वतः सांगितलं.

सगळ्यात मोठी गोष्ट सापडली ती मैदानाची. जमायची जागा म्हणून मैदानाचा खालचा कोपरा ठरवलेला होता. एका गटाने जुन्या गावठाणातल्या एका आजींना विचारलं. आजी म्हणाल्या, "अरे, तिथून तर ओढा जायचा, शेजारी आमची भातखाचरं होती." मुलांनी ओढा शोधत शोधत जाऊन पाहिलं. काही ठिकाणी तो भिंतीआड गेलाय, काही ठिकाणी स्लॅबखाली. या भागात जोराचा पाऊस झाला की रस्त्यांची काय अवस्था होते ते इथे राहणारे जाणतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने काय केलं, तेही विसरलेलो नाही. मुलांनी नकाशाखाली लिहिलं: 'भूकंप किंवा आग असेल तर मैदान बरोबर. पाऊस असेल तर मैदान चूक. तेव्हा पहिल्या मजल्यावर थांबायचं.' एकाच शाळेला दोन उत्तरं लागतात, हे पुस्तकातल्या धड्यात कसं सापडणार?

ही यादी मुख्याध्यापकांकडे गेली आणि तिथे घोडं अडलं. ते म्हणाले, "हे लेखी नको. पालकांच्या हाती लागलं तर घबराट होईल." मला राग आला होता. घरी येऊन विचार केला तेव्हा वाटलं, त्यांची भीती खोटी नाही. लेखी चूक म्हणजे नोटीस, चौकशी, वर्तमानपत्रात बातमी. आमच्याकडे काही बिघडलं की आम्ही सगळे बसून काय झालं ते लिहितो, पण कुणी केलं ते लिहीत नाही. तोच नियम इथे लावला. यादीतून सगळी नावं काढली. फक्त वस्तू, जागा आणि काय करायचं, एवढंच ठेवलं. मग ती फलकावर लागली. किल्लीची जोडी जिन्याशेजारच्या वर्गात टांगली गेली. सिलिंडर बदलले. व्हॅनवाल्या काकांशी मुलं स्वतः बोलली, आणि काकांनी ऐकलं. कुबड्यांच्या मुलाचा वर्ग जूनमध्ये तळमजल्यावर आला. ओढ्याचं मात्र काही झालेलं नाही. ते शाळेच्या हातात नाही. मुलांनी पत्र लिहिलंय, उत्तराची वाट पाहताहेत.

मुलांवर एवढी जबाबदारी टाकावी का, असं मला आपल्यातल्याच एका मैत्रिणीने विचारलं. तिला मी जपानच्या दोन शाळांची गोष्ट सांगितली. ११ मार्च २०११ ला तिथे मोठा भूकंप झाला आणि मागोमाग त्सुनामी आली. कामाइशी नावाच्या गावात तोशिताका कातादा नावाचे प्राध्यापक काही वर्षं शाळांमधून मुलांना शिकवत होते: नकाशावर आंधळा विश्वास ठेवू नका, त्या क्षणी जे जास्तीत जास्त करता येईल ते करा, आणि पळायला सुरुवात करणारे पहिले तुम्ही व्हा. त्या दिवशी माध्यमिक शाळेची मुलं पळत सुटली. त्यांना पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेची मुलंही निघाली. मोठ्यांनी लहानांचे हात धरले. ठरलेल्या जागी पोचल्यावर मागचा कडा ढासळताना दिसला, म्हणून ती आणखी वर गेली, मग त्याहून वर. त्या दोन्ही शाळा पाण्याखाली गेल्या, पण पळालेली मुलं वाचली. त्याच दिवशी इशिनोमाकी शहरातल्या ओकावा प्राथमिक शाळेत मुलांना मैदानात बसवून ठेवलं होतं. पुढे कुठे जायचं ते मोठ्यांचं जवळजवळ पन्नास मिनिटं ठरत नव्हतं. शाळेमागेच टेकडी होती. ७४ मुलं आणि दहा शिक्षक गेले. ते शिक्षक वाईट नव्हते. त्यांच्या शाळेची तयारी कागदावर होती, एवढंच. तिथल्या न्यायालयानेही पुढे हेच म्हटलं, की चूक त्या दिवसाच्याही आधीची होती.

मात्र एक मर्यादा आम्ही पहिल्याच शनिवारी ठरवली. मुलांचं काम पाहणं, मोजणं, सांगणं आणि बाहेर पडणं. आग विझवणं नाही, परत आत जाणं नाही, पुरात उतरणं नाही. ती मोठ्यांची आणि प्रशिक्षित माणसांची कामं. मुलांना धाडसी करायचं नाहीये, सावध करायचंय. पुणे जिल्ह्यातल्या माळीणवर ३० जुलै २०१४ ला डोंगर कोसळला. गाव जागेवर नाही, हे बाहेरच्या जगाला कळलं ते तिथे नेमाने जाणाऱ्या एसटीच्या चालकामुळे. जो रोज जातो, त्याला बदल दिसतो. शाळेत रोज जाणारी सगळ्यात जास्त माणसं म्हणजे मुलंच.

अभ्यासक्रमात हे बसवायचं कसं, तर नवा विषय न करता. गणिताच्या बाईंनी जिन्याची रुंदी आणि वर्गांची संख्या देऊन उतरायला लागणाऱ्या वेळेची उदाहरणं घातली. पोरांनी घड्याळ लावून उत्तर पडताळलं. दोन वर्ग एकाच वेळी निघाले तर वळणावर कोंडी होते, हे मुलांनीच काढलं आणि निघायचा क्रम बदलला. भूगोलात ओढा आणि उतार आला. विज्ञानात आग कशावर जगते ते आलं. मराठीत सूचनालेखन असतंच. 'दुकान सुरू झाले आहे' या जाहिरातीऐवजी 'पाणी वाढत असल्यास काय करावे' ही सूचना लिहिली. शारीरिक शिक्षणाच्या तासाला जखमीला उचलायचं कसं, ते झालं. परिपाठात सुविचारानंतर रोज एक प्रश्न: आज किल्ली कुठे आहे? सहा शनिवारांत माझं काम संपलं. पुढचं शिक्षिकांनी आणि मुलांनी केलं.

आणि शेवटचा भाग, जो आपल्याला १९९३ मध्ये जमला नाही. आपले नकाशे एका सरांच्या कळकळीवर आणि एका भीतीवर उभे होते. सर वर्ग बदलून गेले, भीती ओसरली, नकाशे संपले. म्हणून इथे एप्रिलमध्ये आठवीच्या मुलांनी सातवीला नकाशे रीतसर सोपवले. सातवीने जूनमध्ये फिरून काय बदललं ते तपासायचं आणि पाचवीला शिकवायचं. माझी मुलगी आता नववीत गेलीय. तिच्याशिवाय ते चाललंय, याचं तिला थोडं वाईट वाटतं. मला फार बरं वाटतं.

आता मागणं.

आपण या मेळाव्यात शाळेसाठी निधी जमवलाय, आणि त्यातून फाटकावर कमान बांधायची असं ठरतंय. कमानीला माझा विरोध नाही. आपली नावं दगडावर कोरलेली मलाही आवडतील. पण त्या कमानीखालचं फाटक उघडतं का, हे आधी पाहूया. २०२४ मध्ये हिंगोलीकडे मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये भूकंपाचे धक्के बसले. रिश्टर मापनावर साडेचारच्या आसपास. आपलं पठार किती स्थिर आहे, ते आपल्याला आता पुस्तकाने सांगायची गरज नाही. आज आपल्या शाळेत आठवीत बसणाऱ्या मुलांना ३० सप्टेंबर ही फक्त एक तारीख आहे. ते चांगलंच आहे. पण त्यांच्या वर्गाचं दार आत उघडतं की बाहेर, हे त्यांना माहीत असावं.

माझा प्रस्ताव असा. दर वर्षी ३० सप्टेंबरच्या आठवड्यात आपल्या बॅचमधले दोघे औशाला जातील. शिकवायला नाही, मुलांनी काढलेले नकाशे बघायला. मुलं जी यादी करतील त्यातली पहिली पाच कामं आपला निधी करून देईल. कुलूप असो, जिन्याचा कठडा असो, भिंतीची तडा असो. मोठं काम निघालं तर इंजिनिअर नेऊन तपासून घेऊ. या सभागृहात सिव्हिलवाले चौघे बसलेत, पळू नका. ही कामं झाल्यावर जे उरेल त्यातून कमान. यंदाच्या दोघांत माझं नाव लिहा. दुसरं नाव कोण देतंय ते जेवणाआधी सांगा, जेवणानंतर कुणी सापडत नाही.

सर, एक विनंती तुम्हाला. तुमचे गुडघे दुखतात, मला माहीत आहे. तरी पहिल्या वर्षी तुम्ही यावं. खुर्ची टाकून लिंबाखाली बसायचं आणि मुलांना फक्त तो एक प्रश्न विचारायचा. बाबा गावाला गेले असतील तर?

लिंब अजून आहे. मी मागच्या महिन्यात पाहून आले.